गेस्टचा निळा कप

मैत्रिणींनो, आज मंडळाच्या फळ्यावर सुविचार नाही, माझी लाज लिहितेय.

दुपारी माझ्या घरी आपला इंग्रजीचा वर्ग भरला. 'गेस्ट' म्हणजे काय, सोप्या शब्दांत सांगा, म्हटलं. आपल्या कोराडीच्या कॉलनीत नवीनच आलेली, अजून मंडळात नसलेली सुमन पटकन बोलली, "ज्याच्यासाठी वेगळा कप ठेवतात, तो! ताई, मले नाही का तुम्ही खिडकीतला निळा कप देत? बाकीच्यायले साधेच."

ती हसत होती. तुम्ही सगळ्या खाली बघत होतात. ती बौद्ध घरातली, म्हणून तो कप मी बाकीच्यांत मिसळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मी "करेक्ट" म्हटलं आणि पुढचा शब्द घेतला.

उद्या सगळ्यांना सारख्याच कपात चहा देईन. पण तिनं विचारलं, "ताई, माहा निळा कप कुठं गेला?" तर काय सांगू?