केळ्याच्या वासाची सोयरीक

मध्यस्थावाचून जगात काहीच जुळत नाही, असं छातीठोक सांगणारा माणूस मी एकच पाहिला: नांदेडच्या आमच्या एसेन्सच्या कारखान्यातले ऑपरेटर मामा. मूळचे लोह्याकडचे. सुट्टीच्या दिवशी ते माणसांच्या सोयरिकी जमवायचे आणि कामाच्या दिवशी अल्कोहोल-अनहायड्राइडच्या. भाषा दोन्हीकडे एकच. केळ्याचा एसेन्स अंगात इतका मुरलेला, की एसटीत शेजारचं लेकरू हमखास केळं मागायचं. मामा पिशवी उलटी करून दाखवत, लेकरू भोकाड पसरायचं. मग मामा पुढच्या थांब्यावर उतरून खरंच केळी आणायचे आणि कंडक्टर घंटीची दोरी धरून त्यांच्या नावानं खडे फोडायचा.

मी तळकोकणातला, आठवीत शाळा सुटलेला. बायको-मुलगी गावी. एक बॅच एकट्यानं काढून दाखव, नाहीतर गावी जा, असं साहेबांनी बजावलेलं. मला झोप नव्हती. रिॲक्टरच्या टाकीत दोन द्रव एकत्र ओतलेच आहेत, तर मधे ॲसिड कशाला, हेच कळेना. मामांना विचारलं.

"अरं कोकण्या, पोरगी तयार हाय, पण पोरगा अकडू. दोघं नुसते बसले तर दिवसभर बसतील. ॲसिड त्या अनहायड्राइडच्या कानात सांगतंय, त्याचा ताठा उतरतो, मग अल्कोहोलला जवळ जाता येतं. एस्टर, म्हंजी आपला केळ्याचा वास, झालं की मध्यस्थ मोकळा. चालला दुसऱ्या जोडप्याकडं."

"मग जास्त घातलं तर लवकर होईल?"

"लई मध्यस्थ झाले की मांडव पेटतो. थेंब थेंब सोड."

सोडले. तापमानाचा काटा हलेना. घाबरून मी पुन्हा ॲसिडच्या बाटलीला हात घातला, तोच मामांनी मनगट धरलं. "ते बोलून राहिलेत. मधी तोंड घालू नको." आणि काटा सरसर चढू लागला. मी गार पाण्याची तोटी सोडली, काटा सावरला, आणि पिकल्या केळ्यांचा असा घमघमाट सुटला की साहेब दारात येऊन म्हणाले, "उद्यापासून इथंच."

आता ॲसिड सोड्याच्या पाण्यानं मारून धुऊन काढायचं होतं. मामा उठले. "हे तू कर. मला न्हाई बघवत. ज्यानं जमवलं त्यालाच हाकलायचं." आणि चहाला निघून गेले.

पुढं ते निवृत्त झाले. आम्ही हार आणून ठेवला होता. ते कुणाला न सांगता दुपारच्या गाडीनं लोह्याला गेले.

सोडा ओतला की रिॲक्टरात फसफस होते. मी तो अजून फार हळू ओततो.