भिंतीकडे तोंड करून घेतलेला तास

परदेशातून आलेली शिक्षिका, पुण्यातली शाळा आणि तालुक्याच्या गावातून आलेला मी. एवढं वाचून पुढचं सगळं तुमच्या डोक्यात तयार झालं असेल. बाईंना फेटा बांधला, त्यांना मिसळ तिखट लागली, मुलांनी हुशारी दाखवली, बाईंचे डोळे पाणावले आणि शेवटी मला विमानाचं तिकीट. छान आहे, तुम्हीच लिहा. आमच्याकडे त्यातला फेटा तेवढा झाला, तोही घसरून बाईंच्या गळ्यात आला. मिसळ त्यांनी दोनदा मागून घेतली. बाकी जे झालं ते सगळं मी घाबरून पाहिलं. पाहिलं पण नाही खरं तर, नुसतं ऐकलं.

हडपसरच्या एका शाळेत मी सातवीला गणित आणि विज्ञान शिकवतो. तेव्हा प्रोबेशनवर होतो. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते मोठ्या बाई दिवाळीच्या आत ठरवणार होत्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. इकडे हे असं, आणि तिकडे यवतमाळकडच्या आमच्या गावात बाबांनी बसस्टँडपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेलं, की पोरगा पुण्यात मास्तर आहे. संध्याकाळी फोन यायचा.

“पक्का झाला का बे?”

“होतोय, बाबा.”

“होतोय म्हणजे? भात आहे का तू?”

तर डेन्मार्कच्या या बाई आल्या होत्या शिक्षकांच्या अदलाबदलीत. त्यांचे शिक्षक आपल्याकडे, आपले त्यांच्याकडे. विषय असा, की मुलांनी गणित आणि विज्ञान आपलं आपण शिकायचं. मास्तरनं प्रश्न द्यायचा, सामान द्यायचं आणि मग तोंड बंद ठेवायचं. मुलं चुकली तरी बंद. मीटिंगमध्ये हे वाचून दाखवलं तेव्हा अख्खी स्टाफरूम माझ्याकडे बघून हसली, कारण माझं शिकवणं म्हणजे सगळं तोंडच. ऋण संख्या मी एसटीच्या कंडक्टरच्या आवाजात शिकवतो, “चला, मागे सरका, अजून मागे, शून्याच्या मागे जागा आहे!” अपूर्णांक भाजीवाल्या मावशींच्या आवाजात. आणि वर्ग अगदीच ऐकेना झाला, की मोठ्या बाईंच्या.

हे शेवटचं जरा नीट सांगायला हवं. मोठ्या बाई कधी ओरडत नाहीत. त्या चष्मा कपाळावर चढवतात, “अस्सं?” म्हणतात आणि मग अगदी हळू, “बोला. मला घाई नाही. मी निवृत्त होईपर्यंत इथेच बसते.” समोरचा माणूस तिथेच विरघळतो. मला चष्मा नाही, म्हणून मी कपाळावर डस्टर धरायचो. आधी मुलं हसायची, मग चिडीचूप व्हायची. वर्गाचं दार बंद असायचं आणि बाईंची खोली खाली. ही गंमत चार भिंतींत राहणार, अशी माझी खात्री होती.

पाहुण्या बाईंसाठी प्रयोग ठरला झोक्याचा. दोऱ्याला लोखंडी नट बांधायचा, झोका द्यायचा आणि शोधायचं, की झोका भराभर किंवा सावकाश कशामुळे होतो. वजनामुळे की दोऱ्याच्या लांबीमुळे? उत्तर लांबी. वजनानं काही होत नाही. मी मोठ्या बाईंना सांगितलं, की मुलं स्वतः शोधतील.

“अहो सर, मुलं आपलं आपण शिकणार, ते ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “पण काय शिकणार, ते आधी ठरवून ठेवा. पाहुण्यांसमोर शोध नकोत.”

म्हणून आम्ही आपलं आपण शिकण्याची रंगीत तालीम केली. कुणाला अचानक काय सुचणार, कोण आधी चुकणार, कोण त्याला दुरुस्त करणार, सगळं ठरलं. बोलायला बंदी होती, पण चेहऱ्याला कुठे होती? मी भुवई वर केली की बरोबर, गाल आत ओढले की चूक. मुलं एकदम तयार झाली. त्यातल्या एकानं तर विचारलं, “सर, मी विचार करताना डोकं खाजवू का?” मी म्हटलं खाजव, पण जास्त नको.

त्या दिवशी सकाळी गाडीतळाच्या बसथांब्यावर उतरलो, तेव्हा भुवई वर, गाल आत, असा सराव चालू होता. मुलं विसरली तर काय, एवढीच भीती होती तोवर. हे किती किरकोळ आहे ते मला माहीत नव्हतं.

तास सुरू झाला. पाहुण्या बाई आणि मोठ्या बाई मागच्या भिंतीला खुर्च्या टाकून बसल्या. मी प्रश्न फळ्यावर लिहिला, सामान वाटलं आणि बाजूला उभा राहिलो. पहिल्या मुलानं ठरल्याप्रमाणे दोरा उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. भुवई वर. दुसऱ्यानं नट उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. भुवई. मग डोकं खाजवणाऱ्यानं डोकं खाजवलं, बरंच खाजवलं, आणि माझ्याकडे पाहिलं. चाळीस तोंडं सूर्यफुलासारखी माझ्याकडे वळलेली.

पाहुण्या बाई उठल्या. माझ्याजवळ येऊन इंग्रजीत हळूच म्हणाल्या, “मुलं दोऱ्याकडे बघत नाहीयेत. तुमच्याकडे बघतायत.” रागानं नाही हं, आपण एखाद्याला सांगतो ना, की तुमच्या शर्टाचं बटण उघडं आहे, तसं. मग त्यांनी माझ्यासाठी मागे तिसरी खुर्ची ठेवली. भिंतीकडे तोंड करून. “इथे बसाल? तास संपेपर्यंत?”

मोठ्या बाईंच्या शेजारी. त्यांचं तोंड वर्गाकडे, माझं भिंतीकडे. शाळेत असताना मी असा पुष्कळ बसलोय, पण पगारावर पहिल्यांदाच.

माझ्या नाकासमोर ग्रहमालेचा तक्ता होता. शनीचं कडं निघून लोंबत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि मागे वर्ग गप्प झाला. आवाज असला की कळतं काय चाललंय. गप्प वर्गाचं काहीच कळत नाही. नंतर कुजबुज सुरू झाली.

“सर तर तिकडे बसले.”

“मग आता काय करायचं?”

“करू की काहीतरी. सामान हाय ना.”

“आधी हलकं मोजू, मग जड करू.”

झोके मोजायला लागले. एक, दोन, तीन. मी पण मनात मोजतोय. मग कुणीतरी म्हणालं, “आता तीन नट लाव. एकाखाली एक अडकव, मस्त साखळी होईल.”

तालमीत तिन्ही नट मी एकाच गाठीत, जवळजवळ बांधले होते. एकाखाली एक लोंबवले की वजनाबरोबर झोक्याची लांबी पण वाढते. आणि लांबी वाढली की झोका सावकाश होणार. मुलांना वाटणार वजनामुळे झालं. हे मला भिंतीकडे तोंड करून स्वच्छ दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं.

“अरे, स्लो झालं!”

“असं कसं रे? जड झालं तर फास्ट पाहिजे ना?”

“नाही रे, जड माणूस हळू चालतो. तुझे पप्पा बघ.”

शेजारून मोठ्या बाई वाकल्या. बामाचा वास आला. “सर, हे बरोबर आहे का?”

“नाही, बाई.”

“मग सांगा त्यांना.”

“बोलायचं नाहीये ना.”

“अस्सं.”

तो ‘अस्सं’ ऐकला आणि दिवाळी, बाबा, बसस्टँड, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मागे तर भांडण पेटलेलं. ज्याच्या पप्पांचा उद्धार झाला होता त्यानं नट फेकला असावा, काहीतरी फरशीवर टणकन वाजलं. बाक करकरला. “सोड! सोड म्हणतो ना!” दोरा तुटल्याचा आवाज येत नाही, पण मला आला. मी अर्धा वळलो. पाहुण्या बाईंनी नुसती मान हलवली. नको. मी परत शनीकडे.

आणि मग मागून, फळ्याजवळून, आवाज आला. “अस्सं?”

मला वाटलं मोठ्या बाई उठून पुढे गेल्या. सुटलो, आता त्या आवरतील. तेवढ्यात परत बामाचा वास आला. मोठ्या बाई शेजारीच होत्या, हललेल्या पण नव्हत्या.

“बोला,” पुढचा आवाज म्हणाला, अगदी हळू. “मला घाई नाही. मी निवृत्त होईपर्यंत इथेच बसते.”

वर्ग चिडीचूप. आवाज मी ओळखला. पहिल्या बाकावर बसणारी, हजेरीला सुद्धा जेमतेम ‘येस सर’ म्हणणारी मुलगी. मला वळून बघायची गरज नव्हती. तिच्या कपाळावर डस्टर असणार.

शेजारी मोठ्या बाईंचं पेन कागदावर चालत होतं. ते थांबलं.

“तू,” ती मुलगी पुढे म्हणाली. “जड केल्यावर हळू झालं म्हणतोस. किती वेळा मोजलंस?”

“एकदाच.”

“एकदाच? घरी पण एकदाच जेवतोस का? परत मोज. आणि तू, ज्यानं नट फेकला, तो शोधून आण. तोपर्यंत आम्ही सगळे तुझ्याकडे बघत बसतो.”

हे मी कधीच शिकवलं नव्हतं. ‘घाई नाही’पर्यंतच माझं होतं, पुढचं तिचं तिनं केलेलं. आणि इतकं हुबेहूब, की वर्गातल्या एकालाही हसू आलं नाही. नट घरंगळत परत आल्याचं ऐकू आलं. मुलांनी मोजलं. परत मोजलं. प्रत्येक वेळी तेच आलं, कारण साखळी तशीच होती. मी देवाला म्हणत होतो, की एकाला तरी दोऱ्याची लांबी दिसू दे. नाही दिसली. खडू वाजला. घंटा झाली.

वळलो तेव्हा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘जड केलं की झोका हळू होतो.’ खाली दोन रेघा. समोर ती मुलगी, कपाळ खडूनं पांढरं. तिनं मोठ्या बाईंना पाहिलं आणि डस्टर पाठीमागे लपवलं.

पाहुण्या बाई मात्र खूश. त्यांनी फळ्याचा फोटो काढला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “एकाही मुलानं मागे वळून पाहिलं नाही. लक्षात आलं तुमच्या?” मी मान हलवली. माझं लक्ष मोठ्या बाईंच्या चष्म्याकडे होतं. तो अजून नाकावरच होता आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

शाळा सुटल्यावर शिपाईमामा बोलवायला आले. “बाईंनी बोलावलंय. पाणी पिऊन जा.”

बाई बसा म्हणाल्या नाहीत. खिडकीबाहेर बघतच त्यांनी विचारलं,

“मी अशी बोलते?”

मी दाराकडे बघितलं.

“बोला. मला घा…” त्या मधेच थांबल्या. चेहरा लाल झाला. चष्मा कपाळावर जात होता, तो त्यांनी काढून टेबलावर ठेवला. “हसू नका.”

“नाही, बाई.” मला खरंच हसू येत नव्हतं.

“ती मुलगी हे कुणाकडून शिकली ते कळलं मला. नक्कल केलीत म्हणून नाही रागावले मी. इतकी वर्षं शाळेत आहे, माझी नक्कल न करणारी एक तुकडी दाखवा. पण तुम्ही मागे बसलात, वर्ग मोकळा सोडलात, आणि मुलांनी काय केलं? रागावणारं माणूस शोधलं. नव्हतं, तर तयार केलं. हे त्यांना कुणी शिकवलं? त्या डेन्मार्कच्या बाईंनी?”

“पण बाई, तिनं तीनदा मोजायला लावलं…”

“मधे बोलू नका. तासाला गप्प बसायचं होतं, तेव्हा बसलात ना? आता काय सुचतंय? चुकीचं असलं की तीनदा मोजून पण चुकीचंच राहतं. आणि त्याचा फोटो तिकडे गेला, आपल्या शाळेच्या फळ्यासकट.”

“मी आत्ता जाऊन पुसतो.”

“हात लावायचा नाही! लिहिलंय त्यांनी, पुसतील ते, पटलं तर. चार दिवस लागले तरी चालतील. आणि तिथे उभं राहून भुवई हलवलीत तर याद राखा. दिसत नाही असं वाटलं का मला?”

मी खाली बघितलं. मग विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलंच. “बाई, माझं कायमचं…”

“दिवाळीला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघणार. काढत नाहीये, एवढंच आज ऐकून घ्या आणि घरी कळवा. दर शुक्रवारी तुमच्या वर्गात मागे येऊन बसणार आहे मी. कंडक्टर नको, भाजीवाली नको, मी तर नकोच. तुमच्या स्वतःच्या आवाजात शिकवायचं. आहे ना तो? की तोही गावाकडेच विसरून आलात? मान काय हलवताय, सर? तोंडानं सांगा.”