काचेच्या मण्यांपायी सुनीलची माती

एका मंगळवारी दुपारभर माझा नवरा मेलेला होता. सुनील त्या वेळी गावाकडे, दापोऱ्याच्या शेतात केळीला पाणी देत होता, पण इकडे बुऱ्हाणपुरात, आमच्या लोधीपुऱ्यात हे कोणाला माहीत नव्हतं.

दोष माझा नाही, हे आधीच सांगते. माहेर-सासर दोन्हीकडून कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, तेही रसायनशास्त्र घेऊन. मी जे करते ते विचार करून करते. ज्योतीवर काच वितळवून घरी मणी करायचे, हेही विचार करूनच ठरवलं होतं. मागची पडवी झाडून घेतली. दोन्ही बाजूंनी वारा, खाली फरशी, वर पत्रा, पेट घेण्यासारखं काही नाही (सासूबाई सोडून). गॅसची टंकी भिंतीबाहेर ठेवली, सोनाराकडे असतो तसा बर्नर आणला आणि मणी हळूहळू निवायला डबाभर गरम राखेची सोय केली.

सासूबाईंची अट एकच. "एक बी भानगड झाली ना, तर पडवी माझ्या कुरडयांना. मंग बस डिग्री घेऊन!"

आता प्रश्न काचेचा. नवशिक्याला वाटतं, काच ती काच. अजिबात नाही! प्रत्येक काच तापली की फुगते आणि निवताना आकसते, ती आपापल्या मापानं. मी सोड्याच्या बाटलीच्या काचेवर खिडकीच्या काचेचा ठिपका दिला, तर मणी निवता निवता टण्णकन दुभंगला. दोन घरच्या काचा एका मण्यात नांदत नाहीत. (सासूबाई म्हणाल्या, "हे मी फुकटात सांगितलं असतं.") म्हणजे काच हवी एकाच भट्टीतली आणि लवकर मऊ होणारी. ती कुठे मिळणार? बांगडीत! कासाराकडून मी एकसारख्या हिरव्या बांगड्यांचं टोपलंच उचलून आणलं.

मंगळवारी मुहूर्त केला. सुरक्षेचे नियम तोंडपाठ होते. नायलॉन पेटलं की अंगाला चिकटतं, म्हणून मामंजींचं जुनं पांढरं सुती धोतर अंगभर गुंडाळलं. ज्योतीजवळ हातात काही नको, म्हणून बांगड्या काढल्या. गळ्यात लोंबतं काही नको, म्हणून मंगळसूत्रही काढलं. टिकली घामानं आपणहून गेली. डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. मग पुढच्या ओट्यावर बसून बत्त्यानं हिरव्या बांगड्या फोडायला घेतल्या. खळ्ळ! खळ्ळ! (आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण बत्त्याखाली जे चाललं होतं, त्याला वाढ म्हणायला माझी तयारी नाही.) शेजारी सासूबाई पडवी गेल्याच्या दुःखात डोक्याला हात लावून बसलेल्या.

समोरच्या शकूकाकू दळण घेऊन येत होत्या. थबकल्या, तोंडाला पदर लावला आणि उलट्या पावली पळाल्या. अहो, विचारायचं ना! पण असलं कोणी विचारत नाही.

थोड्या वेळानं गल्लीतल्या बायका यायला लागल्या. मी खूश! म्हटलं, आली, लोधीपुऱ्याला कलेची कदर आली.

"या ना, बसा!"

"रडून घे व माय," शकूकाकू म्हणाल्या.

"रडू कशाला? आता कुठे मला मनासारखं करायला मिळतंय!"

एक बाई मटकन खालीच बसली. "सदमा लागला हिला! पानी आणा वो कोणी!"

बायकांचा सूर लागला तसा सासूबाईंनीही लावला. (मागाहून त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "कोण गेलं ते नंतर विचारता येतं. आधी रडा लागते.")

तेवढ्यात शकूकाकूंनी दापोऱ्याला आमच्या चुलत सासऱ्यांना फोन लावला. त्यांना पुढचं बोलवेना. "सुनीलच्या घरी लई वाईट झालं, माणसं घेऊन या," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. चुलत सासऱ्यांनी निरोप शेतात सुनीललाच दिला! त्याला वाटलं, आई गेली. त्यानं रडत रडत केळीचा टेम्पो थांबवला, भाऊबंद भरले आणि निघाला. स्वतःच्या मातीला स्वतःच गाडी ठरवून येणारा बुऱ्हाणपुरातला तो पहिला माणूस असावा.

टेम्पोतून सुनील उतरला आणि शकूकाकूंनी किंकाळी फोडली. सुनीलनं आईला पाहिलं आणि त्यानंही फोडली.

"आई! तू हायेस?"

"मी कुठे जाऊ? तू कोणाच्या मातीला आला?"

"मला काय मालूम! मी तर माणसं घेऊन आलो."

सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्या धोतराकडे.

"पडवी खाली कर," सासूबाई गरजल्या. "आत्ताच्या आत्ता! माझा जिता पोरगा मारला हिनं!"

मी चष्मा कपाळावर सरकवला. "पडवी मी सोडणार नाही. मी सगळे नियम पाळलेत. आणि बांगड्या फुटून नवरे मरत असते ना आई, तर कासारांच्या गल्लीत एक पुरुष उरला नसता!"

टेम्पोतून एक म्हातारा आवाज आला, "बात तर बराबर हाय." सुनीलला हसू फुटलं. सासूबाईंना नाही. त्यांनी माझी रिकामी मनगटं पाहिली. मग म्हणाल्या, "ठेव पडवी. पण माझी एक शर्त हाय."

तर पडवी माझीच आहे. मणी आता तडकत नाहीत आणि गोल म्हणण्याइतके गोलही होतात. माझ्या शास्त्रापुढे अख्खा लोधीपुरा झुकला, हे मी छातीठोकपणे सांगते! फक्त काच फोडायच्या दिवशी सासूबाईंच्या शर्तीप्रमाणे सुनीलला शेतातून बोलावून घेते, ओट्यावर माझ्या शेजारी बसवते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्याला मधूनमधून हलायला सांगते.