बेगमच्या पापणीची सूज

"ग्लँडर्सच आहे," डॉक्टर म्हणाले आणि आमच्या घोडीपासून दोन पावलं मागं सरले.

बेगमची खालची पापणी सुजून डोळा जवळजवळ मिटला होता. कडेनं पिवळा पू ओघळत होता. गारखेड्याच्या मळ्यात, गोठ्यापासून दूर, लिंबाखाली तिला एकटीला बांधलं होतं. मला वाढवणारे माझे चुलते, तात्या, विहिरीजवळ उभे होते. त्यांना तिच्याजवळ यायची मनाई होती.

ज्यांच्या दारी घोडं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्हाला हे आधी कुणी सांगितलं नाही.

ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग. नाकात आणि फुफ्फुसांत गाठी होतात, फुटतात, नाकातून घट्ट पू वाहतो. एका जनावराकडून दुसऱ्याकडे तो पाण्यातून, वैरणीतून जातो. आणि तो माणसालाही होतो. माणूस त्यातून क्वचितच उठतो, हे सांगताना डॉक्टरांचा आवाज खाली गेला होता.

सुरुवात साधी होती. औरंगाबादच्या रस्त्यालगतच्या हौदावर टांग्यांची घोडी पाणी पीत, तिथंच बेगमही पीत असे. थंडी पडू लागली तेव्हा तिच्या एका नाकपुडीतून शेंबूड येऊ लागला. म्हातारी झाली, गारठा बाधला, असं तात्यांना वाटलं. घमेल्यात निखारे घेऊन त्यांनी वर ओवा आणि हळद टाकली. घोडं धुराला बुजतं. म्हणून एकच घोंगडी तिच्या तोंडावर आणि स्वतःच्या डोक्यावर ओढून, तिच्या गालाला गाल लावून ते आत बसत.

"मी हाय ना आत. मग ती भीत नाय," म्हणत.

रोज सकाळी दोघंही खोकत बाहेर येत. आम्ही हसायचो.

बेगम खुलताबादच्या उरुसातून आणलेली. निजामाच्या राज्यात तात्या कन्नडचा घाट उतरून पलीकडच्या इंग्रजी मुलखात जात आणि निजामाविरुद्ध छापलेली पत्रकं तिच्या खोगिराच्या गादीत शिवून आणत. नाक्यावर शिपायांनी अडवलं की म्हणत, "बेगमसाहिबा की सवारी है, रास्ता छोडो." शिपाई हसून सोडत. माझ्या शाळेत उर्दू होतं. मी मराठी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, आणि त्यांना घोड्याच्या घामाचा वास असे. त्यांतली दोन वाक्यं अजून पाठ आहेत. भिऊ नका. खबर देणाऱ्याला थारा देऊ नका.

पोलीस ॲक्शन झाली. राज्य आपलं झालं. आणि काही वर्षांनी आपल्याच राज्याचा कायदा घेऊन हे डॉक्टर दारात आले. टांग्याचं एक घोडं ग्लँडर्सनं मेलं होतं, म्हणून हौदावरच्या सगळ्या घोड्यांची मॅलीन टेस्ट करायची होती. मॅलीन हे त्या रोगाच्या मारलेल्या जंतूंपासून बनवतात आणि पापणीत टोचतात. निरोगी घोड्याला काही होत नाही. रोगी घोड्याचा डोळा दोन दिवसांत सुजतो. सुजला तर कायद्यानं गोळी. उपचार करून बघायलाही परवानगी नाही.

मी डॉक्टरांशी भांडले. ज्याच्यासाठी तिनं घाट तुडवले तो कायदा हाच का, असं विचारलं. ते म्हणाले, "हो, हाच. तात्या तिच्या किती जवळ बसतात?"

मी घोंगडीचं सांगितलं. त्यानंतर मी भांडले नाही. त्यांनी बेगमच्या पापणीत मॅलीन टोचलं.

डोळा बघायला डॉक्टर येणार होते त्या सकाळी मी मळ्यात गेले, तर तात्या तिच्या डोळ्यावर ओलं फडकं धरून बसलेले. शेजारी विहिरीच्या गार पाण्याची बादली. पहाटेपासून ते सूज उतरवत होते. खुरप्यानं कापलेल्या बोटाला चिंधी गुंडाळलेली, तीही ओली झाली होती.

"तात्या, तो पू आहे. हात काढा."

"गप ऱ्हा, माय. नाक्यावर बोलायचं नसतं."

डॉक्टर आले. पापणी थोडी फुगलेली होती, एवढंच. त्यांनी बराच वेळ बघितलं. "शंका आहे. अशा वेळी काही दिवसांनी टेस्ट पुन्हा करतात," म्हणाले.

बेगमला ते दिवस मिळाले असते, आणि त्या दिवसांत तात्या पुन्हा घोंगडीत शिरले असते.

"त्यांनी पहाटेपासून गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्यात," मी म्हणाले.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले, "मग मी संध्याकाळी येतो. तोवर तिला कुणी शिवायचं नाही." दिवसभर मी लिंब आणि विहीर यांच्या मधे बसून राहिले. दुपारपर्यंत पापणी मिटत आली होती. संध्याकाळी डॉक्टर काय म्हणाले ते वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी खोल खड्डा खणला, चुना आणला. घोंगडी, बादली आणि ते खोगीर जाळलं. बंदूकवाल्या शिपायाला घोडीची मान वर हवी होती, पण तापानं ती खालीच घालून उभी होती. "कुणीतरी हाक मारा," डॉक्टर म्हणाले. तात्या विहिरीकडे तोंड करून उभे होते. मग मीच तात्यांच्यासारखी हाक दिली, "चल बेगम, घाट आला." तिनं मान वर केली.

त्याच आठवड्यात तात्यांना ताप भरला. कापलेलं बोट सुजलं, काखेत अवधाणाची गाठ आली.

सरकारी दवाखान्यात त्यांना व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत वेगळं ठेवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "माणसाचा ग्लँडर्स असाच सुरू होतो. साधी जखम चिघळली तरी असंच होतं. आज सांगता येणार नाही." बोटातला पू कल्चरसाठी बाहेरगावी पाठवला. कल्चर म्हणजे तो बशीत वाढवून कोणते जंतू आहेत ते पाहणं. तोवर सल्फाच्या गोळ्या आणि भरपूर पाणी.

मी दाराबाहेर बाकावर बसे. आत खोकला आला की मी उठून दाराला कान लावी. नाकातून काही येतं का, हे नर्सबाईंना इतक्यांदा विचारलं की त्या न विचारताच मान हलवू लागल्या. तात्या भिंतीकडे तोंड करून असत. नर्सबाई एकदा त्यांना म्हणाल्या, "पोरगी जेवली नाही. दोन शब्द बोला की."

"आमी खबऱ्याशी बोलत नसतो."

ते मला ऐकू यावं म्हणूनच मोठ्यानं म्हटलेलं होतं. ते असेच न बोलता गेले तर, ही भीती मला रोगाच्या भीतीइतकीच होती. पत्रकांत या भीतीवर काही लिहिलेलं नव्हतं.

ताप उतरला, तरी रिपोर्ट येईपर्यंत कुणी काही बोलेना. शेवटी डॉक्टर कागद घेऊन आले. "साधे जंतू आहेत. ग्लँडर्स नाही. आता कुठल्याही घोंगडीत शिरू नका."

मळ्यावर आलेल्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. त्या सकाळी त्यांनी मला शाबास म्हटलं नाही.

तुमच्या घोड्याच्या एका नाकपुडीतून पू आला, तर त्याला हौदावर नेऊ नका. धुरी देऊ नका. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि जे केलं असेल ते सगळं सांगा. भीती वाटेल. वाटू द्या. लपवू मात्र नका.

रिपोर्ट आला त्या दुपारी तात्या भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "बरं झालं माय, तवा नाक्यावर तू नव्हतीस. समदे धरले गेलो असतो."

मी बाकावरून उठून त्यांच्या खाटेजवळ गेले.

"हाक ऐकली म्या तुझी. बघाया नाय जमलं." मग त्यांनी विचारलं, "कान कसे होते तिचे?"

"पुढं. घाटात असायचे तसे."

"खरं सांगतीस?"

"मी खोटं बोलते का, तात्या?"

"नाय," ते म्हणाले. "तीच तर पंचाईत हाय." आणि सरकून त्यांनी खाटेवर मला बसायला जागा केली.