झबल्यांत गेलेली सही

अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. वीस वर्षं आर्किटेक्टकडे नकाशे काढलेले. तो डबाही महिन्याभरात वश केला. बाकीचे ड्राफ्ट्समन माऊसला शिवण्याआधी पँटला हात पुसायचे, मी मात्र राणीसारखी खुर्चीत. जुनी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर चढवायचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं आणि पुढचे दोन दिवस माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

सर आपले मराठी. त्यांची आई आणि माझ्या सासूबाई एकमेकींच्या हळदीकुंकवाच्या. बडोद्यात एवढं पुरतं, वेगळा माणूस पारखावा लागत नाही, असं तेव्हा मला वाटे.

महत्त्वाची जुनी ड्रॉइंग कापडावर होती. खळ देऊन काचेसारखं गुळगुळीत केलेलं निळसर कापड, वर शाईचं काम. खालच्या कोपऱ्यात दुरुस्त्यांचा तक्ता: काय बदललं, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, पुढे सही. मी तोही उतरवायला लागले, तर सर म्हणाले, शेवटचं काय ते ठेवा, जुन्या दुरुस्त्यांचं काय लोणचं घालायचंय? मी हसले आणि तक्ते गाळले.

काम संपल्यावर त्यांनी कापडांचा एक गठ्ठा स्वतः बांधून माझ्या हातात दिला. माझी लेक पहिलटकरीण आहे हे त्यांच्या लक्षात होतं. खळ काढलीत की बाळंतविड्याला मलमलीपेक्षा सरस, म्हणाले. मी गहिवरले, बाई. एवढा मोठा माणूस आणि माझ्या लेकीची आठवण ठेवतो! घरी सोडा घालून पातेल्यात उकळलं. पाणी काळंभोर झालं, आणि कापड असं मऊ निघालं की शेजारच्या मासीबा खास हात लावून बघायला आल्या. सहा झबली झाली, चार टोपडी.

काही महिन्यांनी सुभानपुऱ्यातल्या एका बंगल्याच्या पोर्चला मोठा तडा गेला. मालक, रिटायर्ड प्रोफेसर, तावातावाने ऑफिसात आले. गेल्या वर्षी केसाएवढी चीर होती तेव्हाच आपण सरांना फोन केला होता, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांच्याकडची नकाशाची अमोनिया प्रिंट इतकी उडाली होती की घड्यांखेरीज काही दिसेना. पण पालिकेच्या मंजूर नकाशात पोर्चला चार खांब होते, आणि जागेवर तीन. चौथा काढला कुणी?

मला पक्कं आठवत होतं. गाडी वळायला आड येतो म्हणून सरांनीच काढायला लावला होता. मी शंका काढली, तेव्हा तक्त्यात त्यांनी झोकात सही केली होती. त्यामुळे मी अगदी निश्चिंत उभी. सरांनी कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. तीन खांब. ड्रॉइंग कुणी काढलं त्या चौकटीत माझी आद्याक्षरं. तक्ता नाही.

माझ्यासमोर सर माझ्याविषयी कधी गुजरातीत बोलले नव्हते. त्या दिवशी मालकांना म्हणाले, "बेनथी रही गयो."

बाईंकडून राहून गेला. खांब म्हणजे जणू आमटीतलं मीठ.

"सर, कापडावर तुमची सही आहे," मी म्हणाले.

ते रागावले नाहीत. चष्मा पुसत, मराठीत, अगदी मायेने म्हणाले, "ताई, मग आणा ना ते कापड."

गठ्ठा बांधताना त्यांनी सगळ्यांत वर कुठलं ड्रॉइंग ठेवलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. मालकांचा फोन त्याच्या आधीचा की नंतरचा, हा हिशेबही उभ्या उभ्या झाला. इतकी हुशार मी, पण हे कळलं ते कापड उकळून झबली झाल्यावर.

मग मालकांसमोर सरांनी मला मोठ्या मनाने माफ केलं. चूक कुणाच्या हातून होत नाही, बाई जुन्या आहेत, नोकरीला धक्का लागणार नाही, खांब ऑफिस उभा करून देईल. मालकही निवळले. असू दे बेन, म्हणाले.

मी दोघांनाही थँक्यू म्हटलं आणि चहा सांगायला आत गेले.