जायफळ आणि सगळ्या जागा

श्रीखंडात जायफळ किसताना हॅमिल्टन शहरातल्या फ्लॅटमधली २०१३ची एक दुपार आठवली. माझी फ्लॅटमेट मार्शा कॅरिबियनमधल्या ग्रेनेडाची, जायफळाच्या बेटावरची. तिच्या वडिलांच्या पक्षानं निवडणुकीत सगळ्याच्या सगळ्या जागा जिंकल्या होत्या. मी आपल्या सवयीनं तिच्या हातावर साखर ठेवली. तिनं ती तोंडात घातलीच नाही.

कोकोच्या कपावर जायफळ किसत ती म्हणाली, "समोर एकही जण उरला नाही. आता पप्पांना 'नाही' कोण म्हणणार?"

किती भित्री, असं तेव्हा वाटलं होतं मला.

आजचं श्रीखंड आमचं पॅनल मराठी मंडळावर बिनविरोध निवडून आलं म्हणून. दर सभेत हटकून प्रश्न विचारणारे कुलकर्णीकाका या वेळी आलेच नाहीत, आणि मला चक्क हायसं वाटलं.