कवळीवाल्याचा अर्ज

कवळीवाल्याचा वरचा समोरचा दात एका रविवारी सकाळी तुटला. तुकडा तळहातावर पडला तेव्हा त्याच्या मनात सगळ्यात आधी आला तो रंगाचा विचार. दातांच्या रंगपट्टीवरचा ए-थ्री. किंचित पिवळट, चहा पिणाऱ्या माणसाचा. बावीस वर्षं लोकांचे दात बनवण्यात गेली, तर अशा वेळी दुसरं काय सुचणार?

बायकोने फेकलेली स्टीलची पाण्याची बाटली घरंगळत फ्रिजखाली गेली होती. कारण म्हणाल तर आदल्या दुपारी तिने चार वेळा फोन केला होता आणि त्याने उचलला नव्हता. कवळ्या घासायचं मशीन चालू असलं की फोन ऐकू येत नाही, हे तो तिला लग्नापासून सांगत आला होता. दारात चौदा वर्षांची मुलगी उभी होती. तिने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि बेसिनचा नळ सोडून दिला, म्हणजे त्याला चूळ भरता यावी.

सोमवारी तो कामावर गेला. काम म्हणजे दातांच्या दवाखान्यामागची एक चिंचोळी खोली. तिथे प्लास्टरचे साचे रांगेने मांडलेले असायचे, मेण वितळवायची छोटी शेगडी असायची आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. दवाखाना एका डॉक्टरीणबाईंचा. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, दिवा ओढून घेतला.

"दारावर आपटलो," तो म्हणाला.

"मागच्या वर्षी भुवईला टाके पडले तेव्हाही दारच होतं. त्याआधी मनगट. तुमच्या घराला दारं आहेत की रेडे?" बाईंनी आरशाने ओठ उचलून पाहिला. "दार असं खालून वर येऊन लागत नाही. कोणी मारलं?"

मग त्याने सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, तोंडात कापूस असताना. आधी ताटल्या फुटायच्या, मग त्या त्याच्या दिशेने फुटायला लागल्या. एकदा गरम इस्त्री. आतापर्यंत बोलला नव्हता, कारण बोलायचं कोणापाशी आणि कुठल्या तोंडाने? तो चांगला धिप्पाड, ती जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारी. शिवाय शेजारीपाजारी तिचं नाव काढलं की लोकांचे चेहरे खुलायचे. कोणाचं बाळंतपण असो की आजारपण, ही सगळ्यांच्या आधी हजर. तेही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. एकदाच त्याने तिचं मनगट धरून अडवलं होतं. तिथे लाल वळ उठला. ती म्हणाली, "आता हाच दाखवते पोलिसांना." तेव्हापासून भांडण सुरू झालं की तो दोन्ही हात खिशात घालून उभा राहायचा.

बाईंनी दाखला लिहिला. दात मारामुळे तुटला आहे, असं स्वच्छ अक्षरात.

तो दाखला घेऊन तो पोलीस ठाण्यात गेला. हवालदाराने कागद वाचला, मग याला आपादमस्तक न्याहाळलं.

"बायकोने मारलं? तुम्हाला?"

"हो."

"उंची किती त्यांची?"

ओठाखाली तुटका दात घेऊन त्याने बायकोची उंची सांगितली. हवालदाराने शेजारच्याकडे बघून हसू दाबलं. "साहेब, घरातलं घरात मिटवा. उद्या त्यांनी तुमच्यावर तक्रार दिली, तर तुमची मागे राहील आणि त्यांची पुढे पळेल." त्याने किरकोळ मारहाण म्हणून दोन ओळी नोंदवल्या आणि पावती दिली.

वकिलाने ती पावती पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, दात तुटणं म्हणजे गंभीर दुखापत. कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. किरकोळ कसलं? आपण गुन्हा नोंदवायला लावू. अटकसुद्धा होऊ शकेल."

"मला तिला अटक नकोय," तो म्हणाला. "माझ्या मुलीची आई आहे ती. तिने हात उचलू नये आणि मी माझ्या घरात राहावं, एवढा कोर्टाचा हुकूम मिळवून द्या."

वकील चष्मा काढून पुसायला लागला. "घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात असा हुकूम असतो," तो म्हणाला, "पण तो बायकांना मिळतो."

हे कवळीवाल्याला वकिलाने सांगायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या ताईला तो मिळाला होता. मेहुण्याने तिचा हात मोडला, तेव्हा हाच तिची पिशवी घेऊन संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयात तिच्याबरोबर गेला होता. दीड महिन्यात हुकूम आला. ताई घरात राहिली, मेहुण्याने पुन्हा बोट लावलं नाही. त्या कायद्यावर कवळीवाल्याचा जीव होता. तो चालतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणून तो ताईलाच घेऊन तिथे गेला. खोली तीच होती आणि टेबलामागे अधिकारी बाईही त्याच, केस पिकलेल्या. त्यांनी ताईला ओळखलं आणि एकदम काळजीने विचारलं, "पुन्हा सुरू झालं का?"

"माझं नाही," ताई म्हणाली. "याचं."

बाईंनी फॉर्म पुढे केला, कारण हात सवयीने तिकडेच गेला. पहिल्याच ओळीत होतं, पीडित स्त्रीचे नाव. कवळीवाल्याने पेन उघडलं आणि त्या ओळीकडे बघत बसला.

"लिहा हवं तर," बाई म्हणाल्या. "पण पुढे जाणार नाही." त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला, पुरुष हा पर्याय दाबून दाखवला. पुढचं पान उघडलं नाही. लाल अक्षरात आलं, कृपया माहिती पुन्हा तपासा. त्यांनी परत दाबलं. परत तेच.

"मी तपासली आहे," कवळीवाला म्हणाला. "मी पुरुषच आहे."

"मला कळतंय हो. पण याला कळत नाही."

"माझ्या नावावर काढा," ताई म्हणाली.

"तुम्हाला कोणी मारलंय का आता?"

"नाही. पण तुमच्या मशीनला बाईच लागत असेल, तर मी आहे ना."

अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी दाराबाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे सहा बायका बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर तान्हं मूल. "रोज एवढ्या येतात. तुमच्यासारखे वर्षाला तीन-चार. संख्येने थोडे, पण दात तर सगळ्यांचे सारखेच तुटतात. दरवेळी वर लिहून पाठवते. वरून उत्तर येतं की कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. तुम्ही वकिलाकडून घटस्फोटाचा दावा टाका. क्रूरतेचं कलम नवरा-बायको दोघांनाही आहे."

"म्हणजे मी लग्न मोडायचं. थांबवता नाही येणार."

"नाही येणार," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका थकलेला होता, की त्याला भांडायलाही कोणी उरलं नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात कोणीतरी त्याच्या हातात एक पत्रक ठेवलं. पुरुषांच्या हक्कांसाठी काम करणारी संघटना, शनिवारी सभा. तो गेला. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पंचवीसएक माणसं होती. एका निवृत्त शिक्षकाने सुनेचं नाव न घेता आपली गोष्ट सांगितली आणि मध्येच रडू लागला. कवळीवाल्याला वाटलं, चला, आपली माणसं भेटली. मग अध्यक्ष उभे राहिले आणि माइक हातात घेऊन म्हणाले की बायकांसाठीचे हे सगळे कायदे मुळापासून रद्द झाले पाहिजेत. टाळ्या पडल्या.

कवळीवाला उठला. "रद्द कशाला? माझी बहीण त्या कायद्यामुळे घरात राहिली. मला तोच कायदा हवाय. मलाही लागू करा, एवढंच."

टाळ्या थांबल्या. अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही अजून त्यांच्याच दबावाखाली दिसता."

तो ताईच्या घरी येऊन तिला म्हणाला, "त्या कार्यालयात मला बाई नाही म्हणून घेत नाहीत आणि सभेत मी बायकांच्या बाजूचा म्हणून. मी जायचं तरी कुठे?"

"आधी जेव," ताई म्हणाली.

तोपर्यंत तो ताईकडेच राहायला आला होता. स्वतःचं घर त्यालाच सोडावं लागलं. शेवटी त्याने घटस्फोटाचा दावा दाखल केल्यावर बायकोने उलट तक्रार दिली, की हाच तिला मारतो. वकील म्हणाला, एका छपराखाली राहिलात तर रोज एक नवी तक्रार येईल. चार कपडे आणि दाढीचं सामान घेऊन तो निघाला, तेव्हा मुलगी जिन्यात बसली होती. "बाबा, मला कोणी विचारलं तर मी खरं सांगणार," ती म्हणाली. त्याने तिला सांगितलं, तुला कोणी विचारू नये असाच माझा प्रयत्न असेल. तो प्रयत्न फसला. आठ महिन्यांनी न्यायाधीशांनी तिला आपल्या खोलीत बोलावून विचारलं, आणि तिने खरं सांगितलं. ती बाहेर आली तेव्हा तिला ओकारी झाली. उलट तक्रार फेटाळली गेली, पण त्या दिवशी कवळीवाल्याला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. इतकं सगळं त्या पोरीच्या तोंडून वदवून घ्यावं लागलं, याचाच त्याला संताप आला होता.

त्यानंतरच्या एका तारखेला, पाण्याच्या नळापाशी, बायको त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "मला कळत नाही रे तेव्हा मला काय होतं ते." हे वाक्य ऐकायला तो इतकी वर्षं थांबला होता. बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात पुकारा झाला. दोघं आत गेले, समोरासमोरच्या बाजूंना उभे राहिले आणि वकील बोलू लागले. ते बोलणं राहिलं ते राहिलंच.

निकालाला तीन वर्षं लागली. घटस्फोट झाला, क्रूरतेच्याच कारणावरून. घर विकलं गेलं. बायको डॉक्टरकडे जाते म्हणतात, मुलगी म्हणते फरक आहे. मुलगी निम्मा आठवडा इकडे, निम्मा तिकडे. त्याने स्वतःचा दात स्वतःच बनवला. इतका बेमालूम, की डॉक्टरीणबाईंनाही आधी कुठला ते सांगता आलं नाही.

पुढच्या वर्षी सरकारी समितीने कायद्यात सुधारणा सुचवण्यासाठी लोकांना बोलावलं. त्याला तीन मिनिटं मिळाली. त्याने दाखला दाखवला, पावती दाखवली आणि म्हणाला, "पीडित स्त्री लिहिलंय तिथे पीडित व्यक्ती लिहा. कोणाचं काही काढून घेऊ नका."

समितीतल्या एका वयस्क कार्यकर्तीने विचारलं, "मारणारे नवरेच आधी धावत येऊन अर्ज करतील. तेव्हा काय करायचं?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याला त्याचा रागही आला नाही. "तपासा," तो म्हणाला. "आमच्या डॉक्टरीणबाईंनी एका मिनिटात ओळखलं की हा दाराचा मार नाही. बाई येवो की बाप्या, नीट तपासा. खोटा असेल तर हाकला. पण अर्ज तरी घ्या हातात."

कार्यकर्तीने मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. घंटा वाजली.

त्याला दीड वर्ष होत आलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मशीन लावायच्या आधी, तो समितीच्या कार्यालयात फोन करतो. तिथला कारकून आता आवाजावरून ओळखतो.

"विचाराधीन आहे," कारकून म्हणतो.

"कोण करतंय विचार?"

"ते इथून दिसत नाही."

"बरं. पुढच्या महिन्यात करतो."

"करा की," कारकून म्हणतो, आणि कवळीवाला फोन ठेवून मेण तापवायला लावतो.